‘फ्लो नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

शोधप्रकल्पाच्या किंवा प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावर हमखास भेटणारा एक शेरा आहे: ‘फ्लो नाही’. विद्यार्थ्याला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. शुद्धलेखन चुकले तर शब्दाभोवती गोल करता येतो, संदर्भ राहिला तर समासात खूण करता येते. फ्लो मात्र बोट ठेवून दाखवता येत नाही, तो ‘वाचताना जाणवतो’, असे आपण मानून बसलो आहोत. मग विद्यार्थी चार ठिकाणी ‘तथापि’, तीन ठिकाणी ‘त्याचप्रमाणे’ आणि शेवटी एक ‘थोडक्यात’ पेरून मसुदा परत आणतो. गाईड पुन्हा तोच शेरा मारतात.

फ्लो दाखवता येतो. वाक्यागणिक, पेन्सिलीने दाखवता येतो. त्यामुळे तो शिकवताही येतो आणि त्याला गुणही देता येतात. नागपूर विद्यापीठाच्या परिसरात इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांचे लेखन मराठीतून होते. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीत चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आणल्यापासून वीस-एकवीस वर्षांची मुलेही शोधप्रकल्प लिहू लागली आहेत. त्यांना ‘लिहीत राहा, जमेल’ एवढे सांगून भागणार नाही.

हातातले आणि नवे

वाचक प्रत्येक वाक्याला दोन गोष्टी मागतो. हे वाक्य कशाबद्दल आहे, आणि त्याबद्दल नवे काय? पहिल्याचे उत्तर वाक्याच्या सुरुवातीला मिळावे आणि ते त्याच्या ओळखीचे असावे, म्हणजे मागच्या एकदोन वाक्यांत येऊन गेलेले असावे. दुसऱ्याचे उत्तर वाक्याच्या शेवटाकडे मिळावे. हातातल्या गोष्टीपासून निघून नव्या गोष्टीपर्यंत जायचे आणि पुढच्या वाक्यात ती नवी गोष्ट हातातली झालेली असते. माहितीचा प्रवाह म्हणतात तो एवढाच.

हा विचार प्राग शहरातल्या भाषाशास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट मांडला. व्हिलेम माथेसियस यांनी वाक्याचे ‘कशाबद्दल’ आणि ‘काय’ असे दोन भाग पाडून दाखवले. पुढे १९७४ साली फ्रान्टिशेक दानेश यांनी हे ‘कशाबद्दल’ एका वाक्यातून दुसऱ्या वाक्यात कसे सरकते, याचे नमुने सांगितले. १९७६ मध्ये मायकेल हॅलिडे आणि भारतात जन्मलेल्या रुकैया हसन यांनी वाक्यांना बांधणाऱ्या धाग्यांची (दर्शक सर्वनामे, गाळलेले शब्द, उभयान्वयी अव्यये, शब्दांची पुनरावृत्ती) पद्धतशीर मांडणी केली. ही माणसे चेक आणि इंग्रजी भाषांबद्दल बोलत होती. मराठीत तत्त्व तेच राहते, पण वाक्यातल्या जागा बदलतात. त्याकडे पुढे वळू.

एक परिच्छेद जवळून

संत्र्याच्या आंबिया बहारावरच्या (आंबे मोहरतात त्या सुमाराच्या फुलोऱ्यावरच्या) एखाद्या प्रकल्पात असा परिच्छेद सहज सापडेल:

‘संत्र्याच्या बागेत आंबिया बहारासाठी ताण दिला जातो. डिसेंबर-जानेवारीत पाणी बंद करणे ही महत्त्वाची बाब आहे. काळी भारी जमीन ओलावा जास्त दिवस धरून ठेवते. त्यामुळे शेतकऱ्यांना अडचण येते. तथापि झाडाला विश्रांती मिळाल्यावर फुलोरा चांगला येतो. हलक्या जमिनीत झाड लवकर ताणावर येते.’

सहाही वाक्ये खरी आहेत, व्याकरणाने बरोबर आहेत, शुद्धलेखनाची एक चूक नाही. तरी वाचताना प्रत्येक पूर्णविरामाला ठेच लागते. कुठे आणि का, ते पाहू.

पहिले वाक्य ‘ताण’ या शब्दाकडे नेते. दुसरे वाक्य पाण्यापासून सुरू होते. ताण देणे म्हणजेच पाणी तोडणे, हे नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या बागायतदाराला माहीत आहे, परीक्षकाला असेलच असे नाही. हा दुवा लेखकाच्या डोक्यात राहिला, कागदावर आलाच नाही. दुसऱ्या वाक्याचा शेवट तर पुरता वाया गेला आहे. जिथे नवी माहिती यायची तिथे ‘ही महत्त्वाची बाब आहे’ आले. हे शब्द कुठल्याही वाक्याला जोडता येतात, म्हणूनच ते काही सांगत नाहीत आणि पुढच्या वाक्याला पकडायला काही उरत नाही. साहजिकच तिसरे वाक्य काळ्या जमिनीपासून, म्हणजे आकाशातून पडल्यासारखे सुरू होते.

चौथ्या वाक्यातले ‘त्यामुळे’ तिसऱ्याकडे बोट दाखवते, पण अडचण कसली ते सांगत नाही. पाचव्यात ‘तथापि’ आहे. ‘तथापि’च्या दोन्ही बाजूंना विरोध हवा. इथे तो नाहीच. विश्रांतीनंतर फुलोरा येणे हा तर ताण देण्याचा हेतू, आणि तो पहिल्या वाक्याच्या शेजारी असायला हवा होता. सहाव्या वाक्यातली हलकी जमीन तिसऱ्या वाक्यातल्या भारी जमिनीची जोडीदार. दोघींच्या मध्ये दोन वाक्ये घुसली आहेत.

आता तीच माहिती:

‘आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडाला ताण देतात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत त्याचे पाणी बंद करतात. पाणी बंद झाले की झाडाची वाढ थांबते आणि त्याला विश्रांती मिळते. या विश्रांतीनंतर पुन्हा पाणी दिले की फुलोरा चांगला येतो. ताण बसायला किती दिवस लागतात, हे मात्र जमिनीवर ठरते. हलक्या जमिनीत ओलावा लवकर संपतो आणि झाड लवकर ताणावर येते. काळ्या भारी जमिनीत तो बरेच दिवस टिकतो, त्यामुळे पाणी तोडूनही झाडाला हवा तेवढा ताण बसत नाही. शेतकऱ्याची अडचण इथे सुरू होते.’

‘तथापि’ गेला. जोड वाढली, कारण प्रत्येक वाक्याची सुरुवात मागून आली: पाणी बंद, पाणी बंद, विश्रांती, या विश्रांतीनंतर. चौथे वाक्य वळणाचे आहे. तिथे ‘मात्र’ हवाच, कारण विषय फुलोऱ्यावरून दिवसांवर जातो आणि वाचकाला तसे सांगायला हवे. शिवाय हे वळण ‘जमीन’ या शब्दाशी संपते, आणि पुढची दोन वाक्ये तोच शब्द उचलून त्याच्या दोन बाजू सांगतात.

सरकण्याच्या तीन तऱ्हा

दानेश यांच्या नमुन्यांपैकी तीन वर्गात पुरेसे आहेत आणि तिन्ही वरच्या परिच्छेदाच्या आसपास सापडतात. पहिल्या तऱ्हेत एका वाक्याचा शेवट पुढच्याची सुरुवात होतो: ताण, पाणी बंद, विश्रांती, फुलोरा. कारण-परिणामाची मालिका सांगायला ही तऱ्हा उत्तम. दुसरीत सुरुवात तीच राहते आणि शेवट बदलत जातो. पद्धतीचे प्रकरण जवळजवळ सगळे याच तऱ्हेने लिहिता येते: ‘मातीचे नमुने ३० सेंटिमीटर खोलीवरून घेतले. ते १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवले. त्यांचे वजन वाळवण्याआधी आणि नंतर केले.’ तिसऱ्या तऱ्हेत आधी एक मोठा गट सांगायचा आणि मग त्याचे भाग एकेक करून घ्यायचे, जसे जमिनीचे हलकी आणि भारी हे प्रकार घेतले.

कुठलीच तऱ्हा श्रेष्ठ नाही. पहिली सलग पंधरा वाक्ये चालवली तर संत्र्यापासून निघालेला परिच्छेद बँकेच्या कर्जाशी जाऊन संपतो आणि वाचकाला परत यायची वाट सापडत नाही. दुसरी फार ताणली तर यादी वाचल्यासारखे होते. तिसरीतली नेहमीची चूक ठरलेली आहे: ‘तीन कारणे आहेत’ म्हणायचे, दोन सांगायची आणि तिसरे पुढच्या पानावर, दुसऱ्याच नावाने.

मराठी वाक्यातली वजनाची जागा

इथे इंग्रजीतले धडे जसेच्या तसे चालत नाहीत. मराठीत क्रियापद शेवटी येते, आणि ‘घेतले’, ‘केले’, ‘आहे’ यांत नवे काही नसते. नवी माहिती बसते ती क्रियापदाच्या अगदी अलीकडच्या जागी. दोन वाक्ये पाहा:

‘काटोलमधल्या मुलाखती जानेवारीत घेतल्या.’
‘जानेवारीतल्या मुलाखती काटोलमध्ये घेतल्या.’

पहिले वाक्य ‘केव्हा?’ याचे उत्तर देते, दुसरे ‘कुठे?’ याचे. पहिल्यानंतर ‘त्या महिन्यात बागा ताणावर असतात’ हे वाक्य सहज येते. दुसऱ्यानंतर तेच वाक्य आले तर वाचक क्षणभर अडखळतो. त्याची अपेक्षा काटोलबद्दल काही ऐकण्याची असते. विद्यार्थ्याला नियम पाठ करायला लावण्याऐवजी एवढे विचारावे: क्रियापदाच्या लगेच आधी तू काय ठेवलेस, आणि पुढचे वाक्य त्याबद्दल आहे का?

मराठीची दुसरी सोय म्हणजे लिंगभेद. वरच्या परिच्छेदात ‘काळ्या भारी जमिनीत तो बरेच दिवस टिकतो’ असे आहे. ‘ताणावर येते’ हा वाक्प्रचार सोडला तर आधीच्या वाक्यात जमीन, ओलावा आणि झाड असे तीन उमेदवार होते. जमीन असती तर ‘ती’, झाड असते तर ‘ते’. ‘तो’ म्हटल्यावर एकटा ओलावाच उरला. हा धागा मराठीत फुकट मिळतो, पण त्याला मर्यादा आहे. परिच्छेदात दोन पुल्लिंगी नामे जवळजवळ आली, समजा ‘बहार’ आणि ‘ताण’, की ‘तो’ निकामी होतो आणि नाम पुन्हा लिहावेच लागते. तिथे पुनरुक्तीची भीती बाळगू नये.

ही भीती शाळेतून येते. निबंधात एकच शब्द पुन्हा वापरू नका, असे आपल्याला शिकवलेले असते. म्हणून विद्यार्थी एका पानात संत्रा उत्पादक, बागायतदार, शेतकरी, कृषक आणि लाभार्थी हे पाच शब्द एकाच माणसासाठी वापरतो. ललित निबंधात ते शोभेल. शोधनिबंधाचा वाचक शब्द बदलला की गट बदलला असे समजतो, आणि त्याचे बरोबर असते: लाभार्थी म्हणजे योजनेचा लाभ मिळालेला, सगळे शेतकरी लाभार्थी नसतात. संज्ञा एकदा ठरवली की शेवटपर्यंत तीच ठेवायची.

‘हे’, ‘यामुळे’, ‘यावरून’ हे शब्द एकटे आले की जोड ढिली होते. त्यावर उपाय सोपा आहे. ‘या’ आणि ‘मुळे’ किंवा ‘वरून’ यांच्या मध्ये एक नाम घालायचे. ‘यामुळे’ऐवजी ‘या घटीमुळे’, ‘या विलंबामुळे’. ‘हे’ऐवजी ‘हा फरक’, ‘ही अट’, ‘हा अपवाद’. असे नाम मागच्या पूर्ण वाक्याची एका शब्दात मोट बांधते. ते सापडत नसेल तर बहुधा लेखकालाच आपण कशाबद्दल बोलतो आहोत हे ठरवता आलेले नाही. ‘यामुळे शेतकरी अडचणीत आले’ या वाक्यात भाव पडल्यामुळे की फळगळीमुळे, असा प्रश्न विचारला की पुष्कळदा विद्यार्थ्याचा विचारच तिथे अर्धवट सुटलेला असल्याचे कळते. फ्लोवरचे काम भाषेपुरते उरत नाही ते असे.

आता मराठीतले सर्वांत अवघड दुखणे, नामाआधी लांबत जाणारी विशेषणांची माळ:

‘नागपूर जिल्ह्यातील काटोल व नरखेड तालुक्यांतील दोन हेक्टरपेक्षा कमी जमीन असलेल्या, विहिरीच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या व मागील तीन वर्षांत किमान एकदा आंबिया बहार घेतलेल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या.’

‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द येईपर्यंत वाचकाला चोवीस शब्द हवेत धरून ठेवावे लागतात. वाक्य कशाबद्दल आहे, हे त्याला शेवटी कळते. इंग्रजी लेखाचा मनातल्या मनात अनुवाद करताना अशी माळ तयार होते, कारण इंग्रजीत या अटी नामाच्या मागून येतात आणि मराठीत त्या पुढे ओढाव्या लागतात. दुरुस्ती करताना वाक्य तोडायचे आणि अटींसाठी वेगळे नाम द्यायचे: ‘मुलाखतींसाठी काटोल आणि नरखेड तालुक्यांतले शेतकरी निवडले. निवडीच्या अटी तीन होत्या. जमीन दोन हेक्टरपेक्षा कमी असावी, पाणी विहिरीचे असावे आणि मागच्या तीन वर्षांत किमान एकदा आंबिया बहार घेतलेला असावा.’ नामाआधी सातआठपेक्षा जास्त शब्द साचले की थांबायचे, एवढी खूणगाठ पुरेशी आहे.

‘करण्यात आले’ याबद्दलही बोलायला हवे. कर्ता मागे ठेवून नमुन्यांना किंवा मुलाखतींना वाक्याच्या सुरुवातीला आणायचे असते, म्हणून कर्मणी रचना लागते. पण मराठीत कर्ता नुसता गाळता येतो. ‘नमुने घेतले, वाळवले, वजन केले’ एवढ्याने तेच साधते. ‘घेण्यात आले, वाळवण्यात आले, करण्यात आले’ या सरकारी परिपत्रकाच्या भाषेने प्रत्येक वाक्याचा शेवट एकसारखा होतो आणि क्रियापदाआधीची वजनाची जागा दबून जाते.

जोडशब्द कधी लागतात

‘म्हणून’, ‘मात्र’, ‘शिवाय’, ‘उदाहरणार्थ’ हे शब्द आधीपासून असलेले नाते ठळक करतात. नसलेले नाते त्यांना निर्माण करता येत नाही. चाचणी अशी: परिच्छेदातले सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडा आणि वाचा. अर्थ तसाच राहिला तर ते नको होते. जिथे अर्थ उलटला किंवा संदिग्ध झाला तिथे ते परत ठेवा. सहसा ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’ हे विरोधाचे शब्द परत येतात, कारण विरोध वाचकाला आपोआप ओळखता येत नाही. ‘तसेच’ आणि ‘त्याचप्रमाणे’ क्वचितच परत येतात.

एका तासिकेत कसे शिकवावे

पन्नास मिनिटांत खालील काम होते. साहित्य म्हणून सहासात वाक्यांचा एक परिच्छेद, दोन रंगांच्या पेन्सिली आणि प्रत्येकाकडे झेरॉक्स प्रत. परिच्छेद वर्गाच्या विषयातलाच असावा. साहित्याच्या वर्गाला कृषीचा परिच्छेद दिला तर मुले माहितीत अडकतात, जोडीकडे बघत नाहीत.

पहिली दहा मिनिटे रंगवण्याची. प्रत्येक वाक्याची सुरुवात निळ्याने अधोरेखित करायची, म्हणजे वाक्य कशाबद्दल आहे तो भाग. ‘त्यामुळे’ किंवा ‘तसेच’ने वाक्य सुरू होत असेल तर तो शब्द सोडून पुढचा घ्यायचा. क्रियापदाच्या लगेच आधीचा भाग लालने. बाकी वाक्याला हात लावायचा नाही.

मग बाण. प्रत्येक निळा भाग मागे कुठून आला ते शोधायचे. मागच्या वाक्याच्या लालमधून आला असेल तर तिथून बाण, निळ्यातून आला असेल तर तिथून. कुठूनच येत नसेल तर समासात प्रश्नचिन्ह. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्याला प्रश्नचिन्ह द्यायचे नाही, कारण त्याला मागे काही नसते. ‘ही महत्त्वाची बाब आहे’ किंवा ‘हे नाकारून चालणार नाही’ अशा वाक्यांत लाल रंग पोकळ शब्दांवर पडतो. तिथे छोटी फुली.

इथे वर्गात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पाणी बंद करणे आणि ताण देणे एकच, म्हणून बाण आहे, असे एक जण म्हणतो. दुसरा म्हणतो, मला ते माहीत नव्हते. दोघेही बरोबर आहेत. हा बाण वाचकावर अवलंबून आहे, हे मुलांना एकदा कळले की ‘माझा वाचक कोण?’ हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा खरा वाटतो. शिक्षकाने निवाडा देण्याची घाई करू नये. पंधरा मिनिटे यात गेली तरी ती सत्कारणी लागतात.

उरलेल्या वेळात दुरुस्ती. अट एकच: माहिती वाढवायची नाही, वाक्ये हलवायची, तोडायची किंवा सुरुवात-शेवट बदलायचे. ही अट नसेल तर मुले अडलेल्या जागी नवे वाक्य घुसवतात आणि परिच्छेद फुगतो. खरोखरच दुवा गळालेला असेल, जसा ‘ताण म्हणजे पाणी तोडणे’ हा होता, तर तेवढी सहासात शब्दांची भर चालेल.

विस्कटलेली वाक्ये क्रमाने लावण्याचा जुना खेळही उपयोगी आहे, पण त्यात एक खोट आहे. ‘यानंतर’, ‘दुसरे म्हणजे’ असे शब्द ठेवले तर मुले अर्थ न वाचता क्रम लावतात. ते आधी काढून टाकावेत. पाचसहा वाक्येच द्यावीत. त्याहून जास्त झाली की दोनतीन क्रम बरोबर ठरू शकतात आणि तपासताना वाद उरतो.

प्रकरणाच्या पातळीवर वेगळी युक्ती लागते. प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य एका कागदावर उतरवायचे आणि सलग वाचायचे. प्रकरणाचा युक्तिवाद त्या दहाबारा वाक्यांत ओळखू यायला हवा. दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये एकच गोष्ट सांगत असतील तर परिच्छेद एकत्र करायचे. एखादे वाक्य ‘तसेच अजून एक मुद्दा असा की’ असे सुरू होत असेल तर त्या परिच्छेदाची जागा अजून ठरलेली नाही.

गुण कसे द्यावेत

फ्लोला वेगळे गुण देता येतात, हे नवे नाही. परदेशी शिक्षणासाठी आपली मुले आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतात, त्यात लेखनाचे चार निकष सारख्या वजनाचे असतात आणि त्यातला एक निव्वळ सुसंगती आणि जोड तपासतो. सर्वांत वरच्या बँडला, म्हणजे गुणश्रेणीला, जोड वाचकाच्या क्वचितच लक्षात यावी, अशी अपेक्षा असते. जोडशब्दांचा भडिमार खालच्या बँडची खूण मानला जातो.

शोधप्रकल्पासाठी दहा गुणांची विभागणी अशी करता येईल: वाक्यांची जोड ४, परिच्छेदाची एकच दिशा ३, ‘हे’, ‘तो’, ‘यामुळे’ यांचा संदर्भ स्पष्ट असणे २, जोडशब्द १. जोडशब्दांना एकच गुण मुद्दाम ठेवला आहे. जास्त ठेवला की मुले तेच पेरतात.

सगळा प्रकल्प रंगवत बसायची गरज नाही. दीडशे ते दोनशे शब्दांचे दोन नमुने घ्यावेत, एक पद्धतीच्या प्रकरणातून आणि एक चर्चेच्या. प्रस्तावनेतून घेऊ नये. ती दहा वेळा घासूनपुसून घेतलेली असते आणि बरेचदा दुसऱ्यांच्या वाक्यांवर उभी असते. चर्चेच्या प्रकरणात विद्यार्थी स्वतःच्या आकड्यांबद्दल बोलतो, तिथे खरी परीक्षा होते. दहा वाक्यांमागे प्रश्नचिन्हे मोजावीत. एखादे असेल किंवा एकही नसेल तर ४, दोन असतील तर ३, तीनला २, चार-पाचला १, त्यापुढे शून्य. वळणाचे वाक्य ‘मात्र’, ‘आता’, ‘दुसरीकडे’ असे सांगून आले असेल तर ते प्रश्नचिन्हात धरू नये.

दिशेचे तीन गुण देताना परिच्छेद वाचून झाल्यावर समासात त्याचा आशय एका वाक्यात लिहून पाहावा. एका वाक्यात लिहिता आला तर तीन, दोन वाक्ये लागली तर दोन किंवा एक. अजिबात जमले नाही तर शून्य, आणि बहुधा तो परिच्छेद म्हणजे दोन परिच्छेदांची खिचडी असते.

गडबड होते ती परीक्षकाकडून. विषय जाणणारा परीक्षक गळालेले दुवे स्वतःच्या ज्ञानाने भरून घेतो आणि त्याला फ्लो छान वाटतो. विषय न जाणणारा अडचण नसलेल्या जागीही अडतो. म्हणून शक्य असेल तिथे दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्याकडून प्रश्नचिन्हे टाकून घ्यावीत आणि त्यातली कुठली ग्राह्य धरायची ते विषयाच्या शिक्षकाने ठरवावे. दोन परीक्षक असतील तर तपासणी सुरू करण्याआधी दोघांनी तीच पाच लेखने वेगवेगळी तपासावीत. दहापैकी दोनहून जास्त गुणांचा फरक जिथे पडेल तिथे एकत्र बसून बाण ताडून पाहावेत. फरक बहुतेक एखाद्या ठरावीक वाक्यावर येऊन थांबतो आणि बोलून मिटतो.

एकाच चुकीचे गुण दोनदा कापले जाऊ नयेत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर ते शुद्धलेखनाच्या खात्यात जाईल. नागपूरकडच्या मुलाने मुलाखतीचा आशय लिहिताना ‘शेतकरी पाणी देऊन राहिले होते’ असे लिहिले तर प्रमाणभाषेच्या दृष्टीने शेरा द्यायचा असेल तर द्यावा, फ्लोचा गुण त्यासाठी कापू नये. त्या वाक्याचा बाण अगदी नीट जुळत असू शकतो. उलट प्रमाण, गोळीबंद, संस्कृतप्रचुर भाषेत लिहिलेल्या पानावर चार प्रश्नचिन्हे निघू शकतात. भारदस्त शब्दांनी परीक्षक भुलतो, आणि नेमका गावाकडून आलेला मुलगा किंवा मुलगी त्यात मागे पडते. या अन्यायाला आळा घालता येतो, म्हणून तरी बाण मोजून गुण द्यायला हवेत.

शेरे लिहिताना सगळी प्रश्नचिन्हे परत देऊ नयेत. दोन जागा निवडाव्यात, ज्या दुरुस्त केल्याने परिच्छेद सर्वांत जास्त सुधारेल अशा, आणि तिथे प्रश्न लिहावा: ‘हे वाक्य मागच्या कुठल्या शब्दातून निघाले?’ किंवा ‘यामुळे म्हणजे नेमक्या कशामुळे?’ दुरुस्त प्रत आठवड्याभरात मागवावी आणि तिच्यावर निळे-लाल रंग विद्यार्थ्यानेच करून आणावेत, म्हणजे तपासायला पाच मिनिटे पुरतात. दुरुस्त प्रत पाहताना दाखवलेल्या जागेइतकेच लक्ष जिथून वाक्य उचलले त्या जागेकडे द्यावे. मधले वाक्य निघून गेले की त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य पहिल्यांदाच शेजारी येतात, आणि नवे प्रश्नचिन्ह बहुतेक तिथेच उभे राहते.